पितळेचे आठ स्क्रू

बारा इंची वूफर मी एकदा पितळेच्या स्क्रूंनी बसवला होता. ज्यांना या कामातलं काही कळतं त्यांनी इथेच हसून घ्यावं. ज्यांना कळत नाही त्यांना मी पुढे सांगणारच आहे, त्यांनी तेव्हा हसावं. पाऊण इंची, बिजागरीला लावतात तसले स्क्रू. आठ. प्रत्येकाचं डोकं मी चिंचेनं घासून चकचकीत केलं होतं, पाहुणे यायच्या आधी तांब्या घासावा तसं. तेव्हा मी चाळिशीला आले होते, म्हणजे अक्कल यायचं वय होऊन गेलं होतं.

माझ्या नातीला वाटतं, आजीचा पलूसला पापडाचा नाहीतर मसाल्याचा धंदा असावा. आजी पेट्या करायची, आवाजाच्या. आमचे हे रेडिओ आणि टेप दुरुस्त करायचे, पेठेच्या टोकाला पत्र्याचं दुकान होतं. माझे वडील फौजेत सुतार होते. पेन्शनीत वडूजला आले ते हत्यारांची पेटी घेऊनच. माझे भाऊ त्या पेटीकडे फिरकले नाहीत आणि मी तिथून हलले नाही. लग्नात आईनं भांडी दिली आणि वडिलांनी कुणाला न दाखवता एक गिरमिट आणि दोन पटाशा दिल्या. सासरी ती हत्यारं पंधरा-सोळा वर्षं ज्वारीच्या कणगीमागे होती. सासूबाईंना वाटायचं, सून कणगीमागे पैसे लपवते. एकदा त्यांनी हात घातला आणि पटाशी लागली. त्या दिवसापासून घरात सगळ्यांना कळलं की ही बाई वेगळ्याच जातीची चोर आहे.

नव्वदनंतर आमच्या भागात वडाप जोरात आलं. वडाप म्हणजे एस.टी.च्या आधी येणारी, नऊ माणसांच्या जागेत अठरा कोंबणारी जीप. स्टँडसमोर चार-पाच जीपा उभ्या असायच्या, सगळ्या विट्याला जाणाऱ्या, सगळ्यांचं तिकीट सारखं. मग माणूस बसणार कशात? जिच्यात गाणं चांगलं वाजतं तिच्यात. चांगलं म्हणजे छातीत वाजणारं. ड्रायव्हर लोक यांच्याकडे येऊन म्हणायचे, मिस्तरी, बेस पायजे. हे वायरींचं काम देवासारखं करायचे, पण लाकूड म्हटलं की त्यांना घाम फुटायचा. चहाच्या खोक्यात स्पीकर घालून द्यायचे. ते खोकं विट्यापर्यंत टिकायचं, येताना खडखडायचं. एक दिवस मी कणगीमागून गिरमिट काढली.

आता बाहेरच्या माणसासाठी धंदा सांगते. बेसचा स्पीकर, कॅटलॉगात त्याला सबवूफर म्हणतात, स्टँडवर सगळे वूफरच म्हणायचे, तो नुसता हवेत धरून वाजवला तर काही ऐकू येत नाही. त्याचा कागदी पडदा हवा पुढे-मागे ढकलतो, पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना मारून टाकतात. मागची हवा कोंडून घालायला पेटी लागते. पेटीत कुठे फट राहिली तर आवाज कसा येतो हे संपादक छापणार असतील तर सांगते: हरभऱ्याची उसळ खाल्लेला माणूस मुकाट बसलेला असतो, तसा.

गिऱ्हाईक विचारायचं, लाकूड कसलं, लोहचुंबक केवढा, आवाज किती. स्क्रू कसला, हे मला उभ्या आयुष्यात एकानंही विचारलं नाही. सगळं ओझं मात्र त्याच्यावर असतं. बारा इंची वूफरचं वजन मागच्या चुंबकामुळे पाच-सहा किलो. ते वजन उभ्या फळीवर पुढून अडकवलेलं. त्यात तो स्वतः लाथा मारतो, एका सेकंदात पन्नास-साठ. त्यात जीप, आणि त्यात आमचे तेव्हाचे रस्ते. स्क्रूला हे सगळं धरून ठेवायचं असतं, तेही फिरून फिरून सैल न होता.

म्हणून निवड करताना चार गोष्टी बघायच्या. लाकडाचा स्क्रू घेतला तर तो फळीच्या जाडीत पुरता रुतेल एवढा लांब, आणि आधी गिरमिटीनं त्याच्यापेक्षा बारीक भोक. भोक न पाडता पिळला तर फळी फुटते, मोठं पाडलं तर स्क्रू नुसता बसल्यासारखा करतो. भुशाच्या फळीत, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून करतात तिच्यात, एकदा काढलेला स्क्रू त्याच भोकात परत लावायचा नाही, आतला भुसा सुटलेला असतो. छताच्या कामाचे काळे स्क्रू दिसतात कणखर, पण हादऱ्यानं त्यांचं डोकं टपकन उडतं. आणि जड वूफरला सगळ्यात चांगलं म्हणजे स्क्रूच नको, बोल्ट. फळीला आरपार भोक, आतल्या बाजूनं दात असलेला नट ठोकून बसवायचा, टी-नट म्हणतात, आणि पुढून बोल्ट. डोक्याखाली वायसर. स्पीकरच्या कडेखाली रबराची पट्टी. मग जीपचं चाक आवळतात तसं समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जायचे. आठ दिवसांनी गिऱ्हाइकाला बोलवायचं आणि पुन्हा एकदा आवळायचं, कारण रबर दबलेलं असतं.

हे सगळं मी आज घडाघडा सांगते. तेव्हा मला यातलं निम्मं माहीत होतं आणि उरलेलं निम्मं मला माहीत आहे असं मला वाटत होतं.

पितळेपर्यंत मी कशी पोचले ते ऐका. लोखंडी स्क्रू लावताना हातातून निसटला की थेट पडद्याच्या मध्यावर जाऊन चिकटायचा, खाली चुंबक असतो ना. एकदा स्क्रू ड्रायव्हरच खाचेतून सटकला आणि ओढल्यासारखा जाऊन पडद्यात घुसला. कोरा वूफर. यांनी पातळ कागद आणि गोंद लावून तो सांधला आणि मला काही बोलले नाहीत, त्याचा मला जास्त राग आला. मग रात्रंदिवस डोक्यात एकच. आणि एके सकाळी भांडी घासताना मला ज्ञान झालं: पितळेला चुंबक धरत नाही. झालं. मला वाटलं, कंपन्यांच्या इंजिनियरांना सुचलं नाही ते पलूसच्या बाईला सुचलं. सांगलीला हार्डवेअरच्या दुकानात गेले, म्हटलं पितळी स्क्रू द्या. दुकानदार म्हणाला, कशाला हवेत? मी म्हटलं, बिजागऱ्यांना. गुपित कशाला फोडा. तो बिचारा सांगणार होता ना, पितळ मऊ असतं, खाच जाते, जोर लावला की मान मुरगळते. मी त्याला सांगायची संधीच दिली नाही.

स्क्रू ड्रायव्हर लोखंडीच होता, हेही त्या शहाणीच्या ध्यानात आलं नाही.

ते आठ स्क्रू बसले बापूंच्या जीपमध्ये. बापू म्हणजे दोन जीपांचे मालक, स्वभावानं वाईट नाहीत, पण आधी बोलून मग विचार करणारे. त्यांची एक जीप दिनकर चालवायचा. दिनकर तिशीचा, शिडशिडीत, कायम धुतलेला सदरा. जीप मालकाची, पण आरशाभोवतीची झालर त्यानं स्वतःच्या बायकोकडून विणून घेतली होती. म्हातारं माणूस चढताना तो उतरून हात द्यायचा, त्यामुळे आठवडा बाजारच्या म्हाताऱ्या दुसरी जीप भरलेली असली-नसली तरी त्याच्यासाठी खोळंबून राहायच्या. बेस बसवायची हौस खरं तर बापूंची. दिनकरला आवाज हळूच आवडायचा. मला म्हणाला होता, "वैनी, लय मोठ्यानं लावलं तर मागनं कुणी थांब म्हणलेलं ऐकू येत न्हाई."

पेटी मी भुशाच्या फळीची केली, स्वस्तात बसते म्हणून. ड्रायव्हरच्या सीटला टेकवून, तोंड मागच्या दोन बाकांकडे. पितळी डोकी उन्हात अशी चमकत होती की स्टँडवरचे चार ड्रायव्हर वाकून बघून गेले. आवळताना दोन स्क्रूंच्या खाचा गेल्या होत्या, ते पुरते बसले नव्हते. मी त्यांच्यावर बोट फिरवलं आणि मनाशी म्हटलं, सहा आहेत की. त्या बाईचा मला आज इतका राग येतो. बोट फिरवते काय, मनाशी म्हणते काय.

तीन आठवडे पेटी वाजली. मग बाजारच्या दिवशी भर दुपारी, विट्याच्या अलीकडे रस्त्याला खड्डा आला आणि वूफर पेटीतून सुटून समोरच्या बाकावरच्या म्हातारीच्या पायावर पडला. अंगठ्याचं हाड मोडलं. दिनकरनं तिला उचलून जीपमध्ये पुढे बसवलं आणि बाकीच्यांना घेऊनच दवाखान्यात नेलं. म्हातारी वाटेत त्याला म्हणाली म्हणे की गाणं ऐकवलंस ते ऐकवलंस, पेटी कशाला अंगावर घातलीस. सगळी जीप हसली. दिनकर हसला नाही.

संध्याकाळच्या आत बापू दुकानात हजर. सुटलेला स्पीकर आणि रिकामी पेटी त्यांनी टेबलावर ठेवली. जीप समोर रस्त्यावर उभी, दिनकर स्टिअरिंगवर तसाच बसलेला. हे सुटे भाग आणायला सांगलीला गेले होते. मी एकटी.

इथे जरा थांबून सांगते की त्याच आठवड्यात स्टँडवरच्या तीन जीपांनी पेट्या सांगितल्या होत्या. आणि तोवर मी ऐकत आले होते, बाईनं केलेली पेटी, बघू बाबा किती दिवस राहते. सासरे हयात होते, तेही ऐकत होते. हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणूनच सांगते आहे, पण चालणार नाही हे मला माहीत आहे.

बापू म्हणाले, "वैनी, तुमचं काम पक्कं हुतं न्हवं?"

मी म्हणाले, "काम पक्कं होतं. आवाज किती देत होता ते ड्रायव्हरला विचारा."

एवढंच. दोन वाक्यं. दुसऱ्या वाक्याची तर काही गरजही नव्हती, विचारलं होतं त्याचं उत्तर पहिल्यातच झालं होतं. बापूंनी मान हलवली आणि बाहेर गेले. जीप स्टँडपर्यंत गेली, तिथे त्यांनी दिनकरला उतरवलं आणि किल्ली काढून घेतली. सगळ्या ड्रायव्हरांसमोर म्हणाले की माझ्या गाडीत गाण्याची मस्ती चालायची नाही, माणसांची हाडं मोडायची नाहीत.

यांना मी रात्री सांगितलं नाही, सकाळी त्यांनी स्वतः पेटी तपासली. भोकांतून भुसा गळत होता. दोन भोकांत मान तुटलेल्या स्क्रूंची बुडखी अडकलेली. बोटाच्या चिमटीत एक धरून उजेडाला नेलं आणि म्हणाले, "पितळ?" मग सगळं विचारून घेतलं. आज ते नाहीत, त्यामुळे यांनीच मला गप्प बसवलं असं लिहिलं असतं तर खोडायला कुणी आलं नसतं. पण त्यांनी तसं केलं नाही. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता बापूंकडे जा आणि सांग. मी लुगड्याचा पदर खोचला, दारापर्यंत गेले, आणि परत येऊन चुलीवर चहाचं आधण ठेवलं. त्यांनी परत एकदा सांगितलं, दुसऱ्या दिवशी. तिसऱ्या दिवशी सांगितलं नाही. त्यानंतर कित्येक महिने दुकानात आम्ही कामाचंच बोलायचो.

पेटी मी नव्यानं केली. जाड प्लायची, बोल्ट आणि दात्यांचे नट लावून, रबर घालून. आठ दिवसांनी जाऊन पुन्हा आवळून आले. बापू खूश. जीपवर त्यांनी पुतण्याला बसवलं होतं, तो आवाज अशा थराला न्यायचा की खिडकीच्या काचा वाजायच्या, आणि तरी वूफर इंचभर हलायचा नाही. त्यावरून माझं नाव झालं. पलूसच्या वैनीची पेटी म्हणजे दगड, असं कराडपर्यंत लोक म्हणायला लागले. जे शिकले ते त्या आठ स्क्रूंनी शिकवलं, आणि फी दिनकरनं भरली.

नाव झाल्यावर कसली कसली माणसं यायची. एक द्राक्षबागायतदार आला, म्हणाला बागेत पाखरं फार होतात, अशी पेटी द्या की पाखरू फिरकणार नाही. मी त्याला सांगितलं, दादा, बेसला पाखरं भीत नाहीत, ती वर बसून डोलतील. तुम्हाला बारीक किंचाळणारा स्पीकर पाहिजे. तो म्हणाला, तो न्हाई का घरी, मंडळी हायत की, आणि स्वतःच हसत सुटला. एका ड्रायव्हरची परीक्षा ठरलेली होती: पेटीवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा आणि पाणी सांडलं तरच पेटी घ्यायची. त्याला मी एकदा म्हटलं, पाणी सांडायचंच असेल तर आमच्या मोरीत सांड, पेटी कशाला घेतोस. लोक म्हणायचे, वैनी लय खट्याळ. खट्याळ माणसाला कुणी खोटारडं म्हणत नाही, हा एक मोठा फायदा असतो.

आणि या सगळ्या काळात दिनकर आमच्या दुकानातून दिसेल असा स्टँडवर होता. वर्षभर तरी. त्याला दुसऱ्या कुठल्या मालकानं गाडी दिली नाही, बापूंचं बोलणं स्टँडभर झालं होतं. तो दुसऱ्यांच्या जीपांसाठी माणसं गोळा करायचा, विटा विटा म्हणून ओरडायचा. ज्या माणसाला मागचं हळू बोलणं ऐकायचं असायचं त्याचा घसा बसलेला असायचा. आठवडा बाजारच्या म्हाताऱ्या त्याला विचारायच्या, आरं तुजी गाडी कुटं हाय? तो त्यांचं बोचकं उचलून दुसऱ्याच्या जीपवर चढवून द्यायचा. मी दुकानाच्या दारात आले तर तिथून हात वर करायचा, वैनी बरं हाय का. मी म्हणायचे, बरं आहे. नंतर नंतर मी दारात जायचंच टाळायला लागले, दाराला आतून एक पडदा लावला. यांनी विचारलं, पडदा कशाला? मी म्हटलं, धूळ येते. मग एका उन्हाळ्यात तो दिसेनासा झाला. बायकोच्या माहेराकडे गेला म्हणाले.

तीन-चार वर्षांनी, दशक संपत आलं होतं तेव्हा, उंब्रजच्या एका जीपवाल्याची पेटी बसवायला मी गेले होते. काम झालं, चहा झाला, हायवेच्या कडेनं स्टँडकडे चालले होते. एका भुसारी दुकानासमोर ट्रक उतरवत होते. पोत्याखाली वाकलेला माणूस पोतं टाकून सरळ झाला तर दिनकर. केस पिकायला लागलेले, पाठीवर रिकाम्या पोत्याची खोळ. मी ओळख न दाखवता जाऊ शकले असते, तो घाम पुसत होता, त्याचं लक्ष नव्हतं. खोटं कशाला, चार पावलं गेलेही होते.

मग परत फिरले. मला बघून त्याला आनंद झाला, हे फार वाईट झालं. त्यानं खोळ काढून ओट्यावरची धूळ झटकली, मला बसायला जागा केली. मिस्तरी कसे आहेत विचारलं. मुलगी चौथीत गेली म्हणाला. मी विचारलं, गाडी पुन्हा नाही का धरली? तो म्हणाला, लायसन खिशात हाय की, दर वेळी नवं करून घेतो. आणि खिसा थोपटून दाखवला.

मी घरून काही ठरवून निघाले नव्हते. चार वर्षांत शंभर वेळा जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. मी म्हटलं, दिनकर, ते स्क्रू पितळेचे होते. मऊ. चूक माझी होती, तुझ्या आवाजाची नव्हती, आणि बापूंना मी खोटं सांगितलं. म्हटलं, मी आज पलूसला गेल्यावर बापूंना सांगते, स्टँडवर सगळ्यांना सांगते.

ट्रकवरून कुणीतरी त्याला हाक मारली, त्यानं हातानं थांब म्हणून खूण केली. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. आवाज चढवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, नेहमी बोलायचा तसाच बोलला.

"जीपमधलं स्क्रू मीच वेचलं हुतं, वैनी. पितळ हाय, त्ये काय दिसत न्हाई व्हय. आन बापू तुमास्नी इचारत हुता तवा मी भाईर गाडीतच हुतो, समदं ऐकू येत हुतं. मी बोललो असतो तर म्हणला असता, सोताचं झाकाय बाईमाणसावर ढकलतोय. म्हणून गप बसलो. म्हणलं, आज न्हाई तर उद्या, वैनी सांगतीलच."